मतदाराने शिक्षा दिली, मग नाराजी कशाची?

गोव्यातल्या लोकशाहीबद्दलची बरीचशी चिडचिड सांताक्रूझ आणि नुवे या दोन मतदारसंघांत एकवटलेली दिसते. २०१७ साली सांताक्रूझने काँग्रेसचे टोनी फर्नांडिस निवडून दिले. नुवेने काँग्रेसचेच विल्फ्रेड डिसा, म्हणजे सगळ्यांचे बाबाशान, निवडून दिले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, त्यात हे दोघेही होते. २०२२ साली लोकांनी दोन्हीकडे नवा माणूस आणला: सांताक्रूझमध्ये रुडॉल्फ फर्नांडिस, नुवेत आलेक्स सिक्वेरा. दोघेही पुन्हा काँग्रेसचेच. निकालाला सहा महिने होतात न होतात तोच, १४ सप्टेंबर २०२२ रोजी, काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. त्या आठांत हे दोघे नवे आमदारही होते.

२०१९ च्या त्या दहा जणांचे पुढे काय झाले ते पाहिले, तर मतदाराचा राग लपत नाही. ताळगावच्या जेनिफर मोन्सेरात, पणजीचे बाबूश मोन्सेरात आणि थिवीचे नीळकंठ हळर्णकर हे तिघेच २०२२ च्या विधानसभेत परतले. विरोधी पक्षनेतेपद सोडून गेलेले आणि उपमुख्यमंत्री झालेले बाबू कवळेकर केप्यात पडले. तरीही ‘गोव्याचा मतदार विकला गेला’ हे वाक्य तिंट्यावर, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत हमखास ऐकू येते. मला ते वाक्य अन्यायाचे वाटते. मतदाराच्या हातात जे होते ते त्याने केले. त्याच्या हातात मुळात काय काय आहे आणि तेवढे का पुरत नाही, हे समजून घ्यायला हवे.

उत्तरदायित्व हा जड शब्द आहे, पण अर्थ साधा. ज्याला सत्ता दिली त्याला जाब विचारता यावा, आणि उत्तर पटले नाही तर त्याला त्याची झळ बसावी. निवडणूक हे यातले सगळ्यांत मोठे हत्यार. मतदार दोन प्रकारे विचार करतो, असे राजकारणाचे अभ्यासक सांगतात. काही जण पुढे बघून मत देतात: कोण काय करणार म्हणतो आहे, ते ऐकून. काही जण मागे बघून: पाच वर्षांत काय झाले, ते आठवून. मागे बघून मत देण्याला अभ्यासक जास्त महत्त्व देतात, कारण आश्वासने सगळ्यांचीच गोड असतात. पण मागे बघून शिक्षा द्यायची तर तीन गोष्टी कळाव्या लागतात. काय बिघडले? कोणी बिघडवले? आणि याला काढले तर त्याच्या जागी येणारा वेगळा वागेल का?

सांताक्रूझ आणि नुवेत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लख्ख होती. घात झाला तो तिसऱ्या ठिकाणी.

खाणींच्या भागात घोळ दुसऱ्या प्रश्नाचा आहे. मार्च २०१२ च्या निवडणुकीत चित्र स्पष्ट होते. बेकायदा खाणकामाचे आरोप आणि एकाच घरातल्या अनेकांना उमेदवारी यावरून लोक चिडले होते, सरकार काँग्रेसचे होते, आणि काँग्रेस नऊ जागांवर आली. भाजपला २१ मिळाल्या. पण त्यानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, पुढे २०१८ मध्ये न्यायालयाने नूतनीकरण केलेले ८८ खाणपट्टे रद्द ठरवले. आता डिचोलीत किंवा सांग्यात ज्याचा ट्रक दारात गंजत उभा राहिला, त्याने दोष कुणाला द्यायचा? बेकायदा उपसा होऊ देणाऱ्या सरकारला, पट्ट्यांचे नूतनीकरण चुकीचे करणाऱ्या सरकारला, केंद्राला, न्यायालयाला, की खाणमालकांना? प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे दाखवायला बोट आहे. जबाबदारी अशी वाटली गेली की शिक्षा कुणालाच नीट बसत नाही. अशा वेळी मतदार थंड पडला, तर त्यात नवल काही नाही.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे, कारण गोव्याचे दुखणे तिथेच जास्त आहे. पक्षांतरबंदी कायदा १९८५ साली राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातून आला. एकट्यादुकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाते. सुरुवातीला पक्षाच्या एक तृतीयांश आमदारांनी फूट पाडली तर चालत असे. ती पळवाट २००३ च्या घटनादुरुस्तीने बुजवली. राहिली ती ‘विलीनीकरणा’ची वाट. विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचे ठरवले तर ते अपात्र ठरत नाहीत.

हे गणित मोठ्या राज्यात अवघड असते. शंभर आमदारांच्या पक्षात ६७ जण फोडायला लागतात. गोव्यात? मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, म्हणजे मगोच्या, तीनपैकी दोन गेले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा. सप्टेंबर २०२२ मध्ये अकरापैकी आठ. तिन्ही वेळा आकडा पाहा: तीनचे दोन तृतीयांश दोन, पंधराचे दहा, अकराचे सात पूर्णांक काहीतरी, म्हणजे आठ. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. मूळ पक्ष कुठेही विलीन झालेला नव्हता; काँग्रेस आजही काँग्रेस आहे, मगो आजही मगो आहे. पण केवळ आमदारांच्या दोन तृतीयांश संख्येवर भागते, असा अर्थ सभापतींनी घेतला आणि २०१९ च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी तो कायम ठेवला. तोवर विधानसभेची मुदत सरत आली होती, नव्या निवडणुकीचे मतदानही होऊन गेले होते.

माणसे फुटतात कशासाठी, याचेही एक उत्तर आकड्यात आहे. मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठे नको, असे २००३ च्याच दुरुस्तीने ठरवले. चाळीसचे १५ टक्के म्हणजे सहा. पण लहान राज्यांसाठी किमान बारा मंत्री चालतील अशी सवलत आहे. म्हणजे गोव्यात चाळीस आमदारांपैकी बारा मंत्री होऊ शकतात. काठावरच्या एकवीस जणांच्या सत्ताधारी बाकांवर बसले तर निम्म्याहून जास्त जण मंत्री. शिवाय महामंडळांची अध्यक्षपदे वेगळी. विरोधात बसणाऱ्याला यातले काहीच नाही. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसाजवळ (क्रुसाजवळ) आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घ्यायला लावल्या. शपथ घेणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मी बोलणार नाही. पण जे कायद्याने रोखायचे ते देवावर सोपवावे लागले, यातच कायद्याची अवस्था कळते.

एवढे होऊनही गोव्यात मतदान भरघोस होते. २०१७ मध्ये ८२ टक्क्यांच्या वर, २०२२ मध्ये ७९ च्या आसपास. लोक समाधानी आहेत म्हणून इतके मतदान होते, असा निष्कर्ष दर निवडणुकीनंतर निघतो. तो घाईचा आहे. गोव्यात साधारण साडेअकरा लाख मतदार आणि चाळीस मतदारसंघ, म्हणजे एका आमदारामागे तीस हजारही मतदार नाहीत. महाराष्ट्रात हाच आकडा सरासरी सव्वातीन लाखांच्या पुढे जातो. त्यात तिरंगी-चौरंगी लढती. २०२२ मध्ये फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी जिंकले, सांत आंद्रेत वीरेश बोरकर ७६ मतांनी. साखळीत खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी. जिथे एका वाड्यावरची चार घरे निकाल फिरवू शकतात तिथे कार्यकर्ता दुपारी दोन वाजता तुमच्या दारात उभा असतो: ‘आजी अजून आली नाही, गाडी पाठवू का?’ मतदानाचा टक्का हा बऱ्याच अंशी या ओढीचा टक्का आहे. त्यातून समाधान मोजता येत नाही.

आणि ही ओढ केवळ मतदानाच्या दिवसाची नसते. कुठल्याही आमदाराच्या कार्यालयात सकाळी नऊला जाऊन बसा. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसे फायली मांडीवर घेऊन बसलेली असतात. एकाला नव्या खोलीला घर क्रमांक हवा आहे, म्हणजे वीजजोडणी मिळेल. एकीचा नवरा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखल आहे आणि शस्त्रक्रियेची तारीख लवकर मिळावी म्हणून फोन हवा आहे. एका बाईचा मुलगा पदवीधर होऊन घरी बसला आहे. ती काही बोलत नाही, मुलाचा बायोडाटा पुढे सरकवते आणि ‘कुठेही लावा’ एवढेच म्हणते. आमदार किंवा त्याचा माणूस प्रत्येकाला नावाने ओळखतो. ‘कामाचा माणूस’ ही पदवी इथे मिळते, विधानसभेतल्या भाषणावर मिळत नाही.

या लोकांना लाचार म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. घर क्रमांक ठरलेल्या मुदतीत मिळत असता, नोकरभरती सरळ गुणवत्तेने होत असती, तर ती बाई तिथे आली नसती. कार्यालय नियमाने काम करत नाही म्हणून माणूस ओळखीने करून घेतो. ओळखीचा धनी आमदार असतो, आणि सत्तेतल्या आमदाराची ओळख जास्त चालते. म्हणून ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ पक्ष सोडला, हे फुटलेल्या आमदाराचे वाक्य काही मतदारांना खरोखर पटते. त्याचा फोन आता लागतो! सरकारी नोकरीसाठी पैसे उकळल्याची प्रकरणे २०२४ मध्ये पोलिसांत गेली, अटका झाल्या, तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. मला वाईट वाटले ते पैसे देणाऱ्या आईबापांचे. नोकरी मागून किंवा विकत घेऊनच मिळते, हे त्यांनी गृहीत धरले होते.

इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. गृह आधार, लाडली लक्ष्मी, दयानंद सामाजिक सुरक्षा योजना यांचे पैसे नियमाने मिळतात. पात्र असेल तिला मिळायलाच हवेत. तो हक्क आहे. पण अर्ज पुढे सरकायला कुणाची तरी शिफारस लागते, असे लोकांच्या मनात बसले की हक्काचा उपकार होतो. आणि उपकार मताने फेडायचा असतो.

मताची दुसरी मर्यादा अशी की त्यात सगळे प्रश्न एकत्र येतात. खानावळीतल्या ठरलेल्या ताटासारखे ते आहे. डाळ आवडली, भाजी नको, असे सांगता येत नाही. अख्खे ताट घ्या किंवा शेजारची खानावळ बघा. म्हादई नदीचे पाणी, जमिनींचे रूपांतर, कॅसिनो, मुलाची नोकरी, आमदाराचा स्वभाव, दिल्लीतले सरकार, जातीचा आणि धर्माचा ओढा, या सगळ्यांवर मिळून एकच बटण.

प्रश्न सुटा करून विचारला तर गोमंतकीय किती सुटे उत्तर देतो, ते १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात दिसले. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे, एवढाच प्रश्न. विलीनीकरणासाठी फूल, वेगळे राहण्यासाठी दोन पाने. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून मगोचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. १,७२,१९१ लोकांनी दोन पानांना मत दिले, १,३८,१७० लोकांनी फुलाला. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरले. मराठीवर जीव असलेल्या कितीतरी घरांना तो निकाल जिव्हारी लागला. त्या दुःखाचा आदर ठेवूनच पुढचे सांगतो. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा झेंडा घेतलेला मगो पक्षच बहुमताने परत सत्तेवर आला. ज्या लोकांनी विलीनीकरण नाकारले त्यांच्यातल्या काहींनी बांदोडकरांना मुख्यमंत्री म्हणून मात्र स्वीकारले. कुळांना, बहुजनांना, गावोगावच्या शाळांना काय मिळाले, त्याचा हिशेब त्यांनी वेगळा ठेवला.

समाधानाचेही असेच सुटे भाग करावे लागतात, नाहीतर गोंधळ होतो. लोकशाही ही व्यवस्था हवी का, हा एक प्रश्न. ती आज जशी चालते आहे ती बरी चालते का, हा दुसरा. आत्ताचे सरकार आवडते का, हा तिसरा. मुख्यमंत्र्यावर रागावलेला माणूस लोकशाहीवर रागावलेला असेलच असे नाही. त्याच्या उलट, सरकारवर खूश असलेल्याला व्यवस्था सडल्याचे दिसत नाही. जगभर आढळणारी एक गोष्ट अशी की ज्याचा पक्ष जिंकतो तो लोकशाहीवर जास्त समाधानी असतो, हरलेला कमी. आता गोव्याचे २०२२ चे आकडे घ्या. भाजपला सुमारे ३३ टक्के मते आणि चाळीसपैकी वीस जागा. म्हणजे तीनपैकी दोन मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिले होते. रेव्होल्युशनरी गोवन्स या पक्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि जागा मिळाली एक. भाजपच्या विरोधात लढलेला मगो निकालानंतर सरकारात गेला, आणि पुढे काँग्रेसचे आठ. हरलेल्यांच्या गटात आधीच बहुसंख्य होते. त्यांच्यात ज्यांचा उमेदवार जिंकूनही मत हरले, अशांची भर पडली. पक्षांतराची मोठी किंमत ती आहे. जिंकलेला मतदारही हरल्यासारखा होतो.

मात्र आमदार गेला म्हणून मते त्याच्यामागे जातातच, असेही नाही. २०२४ च्या लोकसभेला दक्षिण गोव्यात काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस १३,५३५ मतांनी जिंकले, तेव्हा काँग्रेसकडे विधानसभेत तीनच आमदार उरले होते.

मग धोरणाचा जाब गोव्यात कोण विचारते? मतपेटीबाहेरचे लोक विचारतात, आणि बरेचदा जिंकतात. कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ विरुद्ध गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाअखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रेही गुंडाळावी लागली. मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणासाठी वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, तीही लोकांनी दीड-दोन वर्षे लावून धरल्यावर. १९१ पंचायतींच्या ग्रामसभांत लोक रविवारी बसून ठराव घेतात. ठरावाने प्रकल्प आपोआप थांबत नाही, जमिनीचे रूपांतर नगरनियोजन खाते करते. तरी गाव एका बाजूला आहे हे कागदावर येते आणि न्यायालयात उपयोगी पडते.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. प्रादेशिक आराखडा जानेवारी २००७ मध्ये मागे घेतला गेला. जूनच्या निवडणुकीत काँग्रेसच पुन्हा सत्तेवर आली. सत्तरीत शेळ-मेळावलीच्या लोकांनी, त्यातही बायकांनी, आयआयटीला जमीन द्यायला नकार दिला. जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात मोजणीला आलेल्या पथकाशी संघर्ष झाला, अश्रुधूर सोडला गेला. स्थानिक आमदार विश्वजित राणे यांनी प्रकल्प हलवा म्हणून भूमिका घेतली आणि १५ जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी तो तिथून हलवत असल्याचे जाहीर केले. वर्षभराने वाळपईने राणे यांनाच निवडून दिले. गोव्याबाहेरचे मित्र मला विचारतात, हे कसे? लोक विसरले का?

माझ्या मते विसरण्यासारखे काही उरलेच नव्हते. मेळावलीचा हिशेब जानेवारीतच चुकता झाला होता. प्रकल्प गेला, जमीन राहिली. पुढच्या वर्षी मत देताना प्रश्न होता तो फोन कोणाचा लागतो, हा. १९६७ पासून गोमंतकीय हे दोन हिशेब वेगळे ठेवत आला आहे: प्रश्न रस्त्यावर सोडवायचा, माणूस मतपेटीतून निवडायचा. यात अक्कल आहे. पण याची किंमत ज्यांना मोजावी लागते त्यांची मला काळजी वाटते. निवडून दिलेल्या माणसाने विधानसभेत उभे राहून जे थांबवायला हवे होते, ते थांबवायला मेळावलीच्या बायका काजूचा हंगाम तोंडावर असताना दिवसचे दिवस वाटेवर बसल्या. उद्या दुसऱ्या गावावर दुसरा प्रकल्प आला तर तिथल्या बायकांना पुन्हा पहिल्यापासून बसावे लागेल.